मैनेच्या पाठीची खरी नक्कल

देवराव खंडारे अमरावतीच्या कचेरीत नकलनवीस होते. कुणाला जुन्या निवाड्याची, फेरफाराची किंवा हुकमाची प्रत हवी असली की अर्ज येई, दफ्तरखान्यातून मूळ कागद निघे आणि देवराव तो शब्दाला शब्द उतरवून काढत. खाली ‘खरी नक्कल’ असं लिहून सही करत. त्यांचं अक्षर इतकं देखणं होतं की वावरातून बेदखल झालेला माणूससुद्धा आपल्या बेदखलीची प्रत हातात घेऊन क्षणभर खूश होई.

नक्कल करताना मजकूर वाचायचा नसतो, हे ते नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले होते. वाचणाऱ्याच्या हाताला सुधारणा करायची खोड लागते. एका मूळ कागदात चांदूर बाजारच्या कुणा म्हाताऱ्याचं वय सातशे दोन असं पडलं होतं. देवरावांनी त्याला सातशे दोन वर्षांचाच ठेवला. साहेबांनी हटकलं तेव्हा ते म्हणाले, “मुळात जिवंत आहे साहेब. मी कसा मारू?”

या निष्ठेला एक जुनं कारण होतं. देवरावांचा बाप गावचा वेसकर. पाटलाने दिलेले कागद कमरेला खोचून तालुक्याला पोचवणं हे त्याचं काम. वाटेत पाऊस लागला तर तो स्वतः भिजे आणि कागद कोरडा ठेवी. त्यात काय लिहिलंय ते त्याला कधीच कळलं नाही. एकदा तर त्याच्याच विरुद्धची तक्रार त्याने बारा मैल चालत, अगदी कोरडी ठणठणीत, नेऊन दिली होती. मुलगा शिकला, मॅट्रिक झाला, छप्पन्न साली घरातले देव गेले आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. पण कागदापुढे मान झुकवायची सवय मात्र बापाची मुलाकडे आली. बापाने न वाचता येणारे कागद आयुष्यभर वाहिले. मुलगा वाचता येणारे कागद न वाचता उतरवत होता.

घर फ्रेझरपुऱ्यात. घरात बायको जाईबाई आणि साडेतीन वर्षांची मुलगी मैना. लग्नानंतर आठ वर्षांनी झालेली, एकुलती एक.

त्रेसष्ट सालच्या जानेवारीत कचेरीतले एक अव्वल कारकून निवृत्त झाले. निरोप समारंभाला बेकरीतून केक आला होता. देवरावांनी आपल्या वाट्याचा तुकडा न खाता कागदात गुंडाळला आणि मैनेसाठी घरी आणला. मैनेने तो खाल्ला. अर्धा तास झाला नसेल, तिचे ओठ सुजून निळे पडले, डोळे मिटत आले, अंगभर गांधी उठल्या आणि तिने भडाभडा ओकून टाकलं. सरकारी दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर ती सावरली. रात्री देवरावांनी तिला खांद्यावर घालून घरी आणलं.

“अंड होतं त्यात,” जाईबाई म्हणाली.

“त्यावर तसं लिहिलं नव्हतं.”

“केकावर कोन लिहिते? नऊ महिन्याची होती तवा बी असंच झालं होतं. कणभर अंड चाखवलं तं तोंड सुजलं. तवापासून मी तिले देत नाही. तुमाले सांगतलं होतं मी.”

“कधी?”

“तुमी जेवून राहिले होते.”

“मग ते सांगणं नाही झालं. ते जेवण झालं.”

जाईबाईने मैनेचं अंग पुसायला घेतलं. बारा वर्षांच्या संसारात ती एवढं शिकली होती की आपलं बोलणं या माणसाच्या कानापर्यंत जातं, पण दफ्तरी दाखल होत नाही.

कचेरीत कुणीतरी बातमी दिली. अकोल्याला विलायतेतून शिकून आलेल्या एका डॉक्टरांनी लहान मुलांचा दवाखाना काढला आहे. तिथे पाठीवर ओरखडे काढून कोणतं अन्न बाधतं ते तपासतात. आणि मुख्य म्हणजे, लिहून देतात. देवरावांनी त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला.

“मी बी येतो,” जाईबाई म्हणाली.

“तू येऊन काय करशील? तपासणी तिच्या पाठीची आहे.”

अकोल्याच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, “मुलीने काय खाल्लं होतं? किती वेळाने त्रास झाला? एरवी काय काय खाते?”

“ते घरी विचारावं लागेल,” देवराव म्हणाले. “तुम्ही सगळ्याचीच तपासणी करा. मोघम काही नको.”

डॉक्टर चांगले होते, पण तरुण होते, आणि त्यांच्या कपाटात अर्कांच्या बाटल्यांची नवी पेटी आली होती. अंडं, दूध, गहू, मासा या बाटल्या परदेशी. ज्वारी, तूर, तीळ, शेंगदाणा, वांगं, केळं त्यांनी स्वतः खपून तयार केलेल्या. नव्या बाटल्या कुणाच्या तरी पाठीची वाट पाहत होत्या. तांदळाची बाटली प्रवासात गळली होती म्हणून तांदूळ तेवढा वाचला.

मैनेला पालथं निजवलं. पाठीवर बारा ठिकाणी सुईने बारीक ओरखडा आणि प्रत्येकावर एकेक थेंब. पहिला मिठाच्या पाण्याचा, मग दहा पदार्थांचे, शेवटचा हिस्टामिन नावाच्या औषधाचा. वीस मिनिटांनी बाराही ठिकाणी फुगवटे उठले होते. डॉक्टर जरा चपापले. काचेची पट्टी लावून एकेक मोजत ते म्हणाले, “हे बघा, पहिला थेंब नुसता ताडून पाहण्यासाठी असतो. आता तोच जर—”

“लेखी मिळेल ना?” देवरावांनी विचारलं.

“मिळेल. पण नुसत्या तक्त्यावरून काही कळत नाही. पुढच्या बुधवारी तिच्या आईला घेऊन या, मग ठरवू. तोवर अंडं देऊ नका.”

बाकीचं तोंडी होतं, त्यामुळे देवरावांनी ते घरी जाता जाता सांगितलं आणि तोंडी गोष्टीला द्यायचं तेवढंच महत्त्व दिलं. तक्ता मात्र त्यांनी घडी पडू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून आणला.

डॉक्टरांचं अक्षर भयंकर होतं. घरी आल्यावर देवरावांनी मोठ्या कागदावर रेघा आखून तक्त्याची नक्कल केली. मिठाचे पाणी, चार मिलिमीटर. ज्वारी, चार. गहू, चार. तूर, पाच. दूध, पाच. शेंगदाणा, पाच. तीळ, चार. वांगे, पाच. केळे, चार. मासा, चार. अंडे, बारा. हिस्टामिन, आठ. तळाशी डॉक्टरांचा शेरा होता: ‘आईकडून खाण्याची पूर्ण हकीकत घेतल्याशिवाय या आकड्यांवरून काहीही ठरवू नये.’ देवरावांनी हा शेरा तांबड्या शाईने उतरवला आणि खाली दुहेरी रेघ मारली. असे शेकडो शेरे त्यांनी उतरवले होते. ‘योग्य ती चौकशी करावी’, ‘तातडीने कार्यवाही व्हावी’. ते शेरे नेहमी दुसऱ्या कुणासाठी असत. हाही दुसऱ्या कुणासाठीच असणार.

तक्ता चुलीसमोरच्या भिंतीवर लागला. अर्थ सरळ होता. ज्याच्यापुढे आकडा आहे ते बंद.

“ज्वारीबी?” जाईबाईने विचारलं.

“चार.”

“दात आले तवापासून भाकर खाऊन राहिली ते. कधी एक पुटकुळी उठली नाही.”

“तेव्हा तक्ता नव्हता.”

“आन मीठ? मीठ कोनाले बाधते वो?”

“पहिल्याच नंबरावर आहे. पहिला नंबर उगाच देत नाहीत.”

जाईबाईला हे पटलं नाही. पण केक खाल्ल्यावर पोरीचे निळे पडलेले ओठ तिने पाहिले होते. लिहिलेलं असूनही दिलं आणि काही झालं तर? आपल्या डोळ्यांवर तिचा विश्वास होता. पण डोळे दोन होते आणि आकडे बारा.

“बुधवारी मले घेऊन जानार हाय ना?” तिने विचारलं.

“आता कशाला? तक्ता मिळाला.”

मैनेला आळणी भात आणि आळणी मुगाचं पाणी सुरू झालं. साखर तक्त्यात नव्हती, म्हणून साखर. आठ दिवसांनी घरातल्या घरात एकच प्रश्न उरला: हिस्टामिन. ते कुठल्या पदार्थात असतं ते देवरावांना ठाऊक नव्हतं. ते इतवाऱ्यात किसनरावांच्या किराणा दुकानात गेले.

“किसनराव, तुमच्याकडे हिस्टामिन असते काय?”

“किती पाहिजे?”

“पाहिजे नाही. असते का, ते विचारून राहिलो.”

किसनराव हे कुठल्याही मालाला नाही न म्हणणारे दुकानदार होते. त्यांनी मागच्या फळ्यांकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, “संपलं. सोमवारी येते.”

देवरावांनी घरी बजावलं की सोमवारी किसनरावांकडून काहीही आणायचं नाही.

तक्त्याची कीर्ती लवकरच दारोदार झाली. गल्लीतल्या बायका पीठ मागायच्या निमित्ताने येऊन तक्ता पाहून जात. कुणाला आकडे कळत नसत, पण तांबडी शाई सगळ्यांना कळे. दफ्तरखान्यात कागद काढून देणारे नत्थुजी एका दुपारी देवरावांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“माह्या नातवाले बी लय खाज सुटते, खंडारेबाबू. रात रात खाजवत राहते. त्या तक्त्याची एक नक्कल देता काय?”

“तक्ता माझ्या मुलीच्या पाठीचा आहे, नत्थुजी.”

“पाठ तं पाठच असते. लहान लेकराची पाठ, त्यात काय फरक?”

देवराव विचारात पडले. दुसऱ्याच्या नावचा कागद असा देता येत नाही. मग त्यांनी नियमातून वाट काढली. “अर्ज द्या.”

नत्थुजींनी अर्ज दिला. ‘मूळ कागदाशी अर्जदाराचा संबंध’ या रकान्यात त्यांनी ‘खाज’ असं लिहिलं. नक्कल तयार झाली. मग रीतीप्रमाणे रुजवात: एकाने मूळ वाचायचं, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ताडायचं. डब्याच्या सुट्टीत नत्थुजी खड्या आवाजात वाचत होते, “मिठाचे पाणी, चार,” आणि देवराव बोट सरकवत म्हणत होते, “बरोबर.” शेऱ्यापर्यंत आल्यावर नत्थुजींनी तोही वाचला, हकीकत, आई, काहीही ठरवू नये, सगळं. देवराव म्हणाले, “बरोबर.” खाली सही झाली.

होळीपर्यंत अशा सहा नकला गेल्या. सहा घरांतल्या मुलांचं वांगं मैनेच्या पाठीवरून बंद झालं. वांग्याचं मुलांनी काही मनावर घेतलं नाही, केळ्यांचं घेतलं. नत्थुजींच्या नातवाला खरूज झाली होती. ती तक्त्याकडे ढुंकूनही न पाहता बोटांच्या बेचक्यांतून मनगटापर्यंत चढली.

जाईबाई दर सोमवारी किसनरावांच्या दुकानात मैनेला धान्याच्या मोठ्या तराजूत बसवून तोलून घेत असे. हिस्टामिनसाठी बंदी असलेला तो एकच दिवस तिने मुद्दाम निवडला होता. जानेवारीत मैना तेरा किलो भरली. फेब्रुवारीच्या शेवटी बाराच्या खाली आली. मार्च संपताना काटा अकरावर येऊन उभा राहिला. किसनरावांनी तराजूतली वजनं खाली ठेवली. त्यांनी मैनेच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तिने तो घेतला आणि परत दिला. तिला गोडाचा कंटाळा आला होता.

दुपारी मैना उंबऱ्यावर बसून स्वतःचा दंड चाटत असे. आधी देवरावांना तो खेळ वाटला. मग एका रविवारी त्यांनी लक्ष देऊन पाहिलं. ती चाटत होती, थांबत होती, घाम येण्याची वाट पाहत होती, पुन्हा चाटत होती. घाम तक्त्यात नव्हता. ते तसेच उभे राहिले. ऊन अंगणातून हलत नव्हतं. आपण लिहिलेलं काहीतरी आपल्या मुलीला हळूहळू खाऊन टाकत आहे असं त्यांना वाटलं, आणि ते घाईघाईने आत जाऊन तक्ता पुन्हा पाहून आले. कुठेही खाडाखोड नव्हती.

एप्रिलमध्ये हंगाम संपून अकोटचं जिन बंद झालं आणि तिथे कापूस निवडायला जाणारी देवरावांची थोरली बहीण पंचफुला दर्यापूरवरून एस.टी.ने आली. विधवा, उंच, जिनाच्या यंत्राच्या आवाजात बोलायची सवय असलेली. दारातच तिने मैनेला उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

“देवा, पोट्टीचं काय केलं हे? पिंजून काढली काय?”

“अक्का, तिला अन्न बाधते.”

“कोनतं?”

देवरावांनी भिंतीकडे बोट दाखवलं. पंचफुलाला वाचता येत नव्हतं. जाईबाईने तिला एकेक ओळ वाचून दाखवली. मिठाशी पंचफुला जी थांबली ती पुढचं ऐकायलाच तयार होईना.

“मीठ? हे डाक्तर सांगते?”

“लेखी आहे,” देवराव म्हणाले.

“तुह्या घरी चोर बी लेखी घेऊन आला तं तू त्याले ट्रंकेची चाबी देशीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुला मैनेला मोरीवर आंघोळ घालत होती. पाठ चोळता चोळता तिच्या बांगडीची कड मैनेच्या खांद्याखाली ओझरती लागली. पोरीला कोरडं करून तिने पाहिलं तर तिथे दोरी ठेवावी तशी रेघ उठली होती. पंचफुला हसायला लागली.

“जाईबाई, काडेपेटी आन बरं.”

मैनेला मांडीवर पालथं घेऊन तिने काडीच्या मागच्या टोकाने तिच्या पाठीवर अलगद रेघा ओढल्या. चार भिंती, उतरतं छप्पर, एक दार. तेव्हा काहीच दिसलं नाही. “गप पडून राह्य माय, तुले घर बांधून देतो,” असं म्हणून तिने तिला थोपटलं. पाच-सात मिनिटांत मैनेच्या पाठीवर ते घर वर आलं. आधी तांबडं, मग फुगीर, दारासकट. जाईबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

“हे आमच्या घरचं हाय,” पंचफुला म्हणाली. “माय माह्या पाठीवर बैल काढे. सारी गल्ली पाह्याले ये. घडीभरानं मिटून जाये, काही होत नसे. तुह्यावर बी काढून पाह्यला होता, देवा, पन तुह्यावर काहीच उठेना. तू तवाबी कोराच होता.”

देवराव दारात उभे होते. अंगात कचेरीचा सदरा, एका हातात टोपी.

“आता तुह्या तक्त्यात हेबी लिही,” पंचफुला त्यांना म्हणाली. “लाकूड बाधते. पोरीले काड्या चारू नका.”

देवरावांनी टोपी खाली ठेवली. कचेरीतून मिळालेली पट्टी आणली. तिच्या एका कडेला इंच होते आणि दुसऱ्या कडेला सरकारने नुकतीच आणलेली नवी मापं. ते मैनेजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी घराच्या भिंतीची जाडी मोजली. चार मिलिमीटर. छप्पर मोजलं. चार. दाराशी पाच भरली. तिथे पंचफुलाचा हात जरा जड पडला होता. त्यांनी तक्त्याकडे पाहिलं. ज्वारी चार. गहू चार. तूर पाच. मिठाचं पाणी चार. नुसत्या पाण्याने आणि नुसत्या काडीने जेवढं उठतं तेवढंच ज्वारीने उठलं होतं. म्हणजे ज्वारीने काहीच केलं नव्हतं. जे केलं होतं ते सुईने.

मग त्यांची नजर खाली सरकली, तांबड्या शाईवर. त्या दिवशी सकाळी त्यांनी तो शेरा पहिल्यांदा वाचला. वाचून झाल्यावर ते बराच वेळ पट्टीने आपला अंगठा घासत बसले.

“त्यात मले बोलावलं होतं ना?” मागून जाईबाईने विचारलं. ती तीन महिन्यांपासून रोज चुलीपुढे बसून तो शेरा वाचत होती.

“हो.”

“मंग कवा जायाचं?”

“आजच,” देवराव म्हणाले.

कचेरीला त्या दिवशी त्यांनी अर्ज न देता दांडी मारली. बडनेऱ्याहून मिळाली ती गाडी धरून तिघं अकोल्याला पोचली तेव्हा दुपार झाली होती. जाईबाईने फडक्यात भाकरी बांधून घेतली होती आणि डब्यात मीठ घातलेलं वरण. कुणासाठी, ते तिने सांगितलं नाही.

डॉक्टरांनी मैनेला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर त्यांनी तिला काट्यावर उभं केलं, जुन्या कार्डावरचं वजन पाहिलं आणि देवरावांकडे वळले. “काय देता हिला?”

देवरावांनी सांगितलं. काय काय बंद केलं तेही सांगितलं. मिठापर्यंत आल्यावर डॉक्टर खुर्चीत बसले.

“मिठाचं पाणी मी तपासायला नव्हतं घातलं हो. ते कुणालाच काही करत नाही. नुसत्या ओरखड्याने हिची कातडी किती फुगते ते कळावं म्हणून ते असतं. आणि हिस्टामिन सगळ्यांनाच फुगवतं. औषधं-बिषधं घेऊन कातडी गप्प बसलेली नाही ना, ते त्यावरून पाहायचं. हे दोन बाजूला ठेवून मधले आकडे वाचायचे असतात. पाण्याइतकाच फुगवटा असेल तर तो धरायचा नाही. त्याच्यावर निदान तीन मिलिमीटर तरी चढलं पाहिजे. तुमच्या तक्त्यात असं एकच आहे.”

“अंड,” जाईबाई म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्याकडे खुर्ची सरकवली. “तुम्ही सांगा. अगदी पहिल्यापासून.”

जाईबाईने सांगायला सुरुवात केली. सहाव्या महिन्यात भाताची पेज. आठव्यात वरणाचं पाणी. नवव्यात अंड्याचा कण आणि सुजलेलं तोंड. दूध रोज, कधी काही नाही. भाकरी कोणत्या महिन्यात, तिळाचा लाडू कोणत्या संक्रांतीला, शेंगदाणे कसे कुटून, वांग्याचं भरीत किती आवडीने, केळं खाल्ल्यावर जुलाब झाले होते पण तेव्हा गल्लीत सगळ्यांनाच झाले होते. मासा दोनदा. केकानंतर किती वेळाने ओठ, किती वेळाने ओकारी. डॉक्टर लिहीत होते. मध्ये मध्ये ‘बरं’, ‘मग’ म्हणत होते. देवराव ऐकत होते. यातलं बरंचसं त्यांच्यासमोर, त्यांच्याच ताटाशेजारी घडलेलं होतं. तीन वर्षं कुणीतरी घरात एवढं मोठं दफ्तर ठेवत होतं आणि नकलनवीसाला त्याचा पत्ता नव्हता.

“ज्या वस्तू पोर खाऊन पचवते त्या कातडीला विचारायच्याच नसतात,” शेवटी डॉक्टर म्हणाले. “कातडी काहीही हो म्हणते. ही माझीही चूक आहे. बाटल्या नव्या होत्या. आणि तुम्ही बुधवारी आला नाहीत तेव्हा मी एक कार्ड टाकायला हवं होतं.” त्यांनी जरा थांबून विचारलं, “हा तक्ता आणखी कुणाला दाखवला नाहीत ना?”

“सहा नकला दिल्या.”

“कुणाला?”

“सहा घरी. लहान मुलं असलेल्या.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ते फारच तरुण दिसत होते. “या पाठीच्या?”

“रुजवात घेऊन,” देवराव खालच्या आवाजात म्हणाले.

“उद्या त्या सहाही घरी स्वतः जा आणि तोंडाने सांगा. लिहून देऊ नका काही. आणि ज्याला खाज आहे त्याला दवाखान्यात पाठवा.” मग ते जाईबाईकडे वळले. “फडक्यात काय आहे?”

“भाकर. आन वरन.”

“तिला द्या. इथेच, माझ्यासमोर. इतके दिवस बंद होतं, म्हणून आज जरा पाहू. इंजेक्शन मी तयार ठेवतो, पण ते लागेल असं मला वाटत नाही.”

बाकावर मैनेला मध्ये बसवलं. जाईबाईने भाकरीचा तुकडा वरणात बुडवून तिच्या ओठांशी नेला. मैनेने आधी बापाकडे पाहिलं. तीन महिन्यांत तिला ही सवय लागली होती. देवरावांनी स्वतःच एक तुकडा मोडून वरणात बुडवला आणि खाल्ला. मग मैनेने तोंड उघडलं. पहिला घास तिने बराच वेळ तोंडात धरून ठेवला. मीठ तिला ओळखू आलं असावं, कारण तिने डोळे मिटून घेतले. दुसऱ्या घासाला तिने आईचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

डॉक्टरांनी दोन तास बसायला सांगितलं होतं. भिंतीवरच्या घड्याळाखाली देवराव मुलीचे ओठ पाहत बसले. दहा मिनिटं. ओठांवर वरण होतं. अर्धा तास. याच सुमाराला केकाने ओठ निळे केले होते. देवरावांनी तिचा झगा मागून वर करून पाहिला. पाठीवर पंचफुलाचं घर कधीच मिटून गेलं होतं, कोरी पाठ होती. तासाने मैना म्हणाली, “अजून.” जाईबाईने दिलं. दीड तासाने ती बाकावर आडवी होऊन झोपली, एक मूठ तोंडापाशी. देवराव तिच्या नाकाशी बोट धरून बसले होते.

“श्वास चालू हाय तिचा,” जाईबाई म्हणाली. “तुमचा घ्या.”

निघताना डॉक्टरांनी सांगितलं की अंडं मात्र खरं आहे, आणि ते हलक्यावर घ्यायचं नाही. फुगवट्याचा आकडा मोठा म्हणजे त्रासही तेवढाच मोठा, असं नसतं. कणभराने किती होईल ते कुठल्याही पट्टीवर मोजता येत नाही. बाहेरचं काही देताना दर वेळी विचारायचं. बरीच मुलं वाढता वाढता यातून सुटतात. दोन वर्षांनी आणा, इथे पाहू, घरी पाहू नका. जाईबाईने हे सगळं एकदा म्हणून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, “बरोबर.”

संध्याकाळच्या गाडीला गर्दी नव्हती. समोरच्या बाकावर बडनेऱ्याला लेकीकडे निघालेली एक बाई होती, गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर पितळेचा डबा. मैना जागी झाली होती आणि डब्याकडे पाहत होती. बाईने झाकण काढून डबा पुढे केला. खारे शंकरपाळे होते.

“घे बाई, घे. किती सुकली हाय लेक.”

मैनेचा हात डब्यापर्यंत गेला. जाईबाई काही बोलणार तोच देवराव म्हणाले, “मावशी, यात काय काय घातलं तुम्ही?”

बाईला प्रश्न जरा लागला. “काहून? चांगलं घातलं. मैदा घातला, तूप घातलं, ओवा, मीठ.”

“अंडं?”

“अंडं? आमच्या घरी? पंधरा वर्षं झाली माळ घालून, आन तुमी मले अंडं विचारता?”

“आमच्या मुलीला बाधते. एकदा मी न विचारता दिलं होतं.”

बाईने मैनेकडे पाहिलं, तिच्या काडीसारख्या हातांकडे पाहिलं, आणि तिचा राग उतरला. मग तिने नीट सांगायला घेतलं. मैदा कुठून आणला, चाळला कुणी, तूप कोणत्या म्हशीचं, ती म्हैस आधी कुणाकडे होती, पीठ मळायला सून का नव्हती आणि सून असती तर शंकरपाळ्यांचं काय झालं असतं, कढई कुणाची, त्या कढईत दुसरं काही तळतात का. देवराव पुढे वाकून ऐकत होते. त्यांनी खिशातलं पेन काढलं नाही. काटेपूर्णा मागे गेलं. मैनेचा हात डब्याच्या काठावर तसाच होता आणि तिची नजर त्या बाईच्या तोंडावर खिळली होती.

मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा हकीकत संपली. देवरावांनी जाईबाईकडे पाहिलं. तिने क्षणभर विचार केला, मग मान हलवली. मैनेने दोन्ही हातांनी घेतले.